सतरा नंबरमधून वाट

सकाळी साडेनऊला मी वन्संना फोन केला आणि ऐन वेळी धीर न झाल्यानं विचारलं, आज भाजी काय केलीय.

"घोसाळी," त्या म्हणाल्या. "ऑफिसातून फोन करून घोसाळ्यांची चौकशी करतेस म्हणजे काहीतरी बिनसलंय. बोल."

"काही नाही हो. पाऊस कितपत आहे तिकडे?"

"चार दिवस जेवढा आहे तेवढाच. ठेव फोन, माझी फोडणी जळतेय."

मी फोन ठेवला. समोरच्या पडद्यावर आम्रकुंज सोसायटीचा नकाशा होता आणि त्याच्या वरच्या कडेकडून एक गर्द निळी जीभ खाली उतरत होती. नऊ वाजता ती प्लॉट नंबर बारापर्यंत आली होती. साडेनऊला सतरा नंबरच्या बैठकीखाली पोचली. ती बैठक मी काढलेली आहे. जमिनीपासून दोन पायऱ्या खाली, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून. वन्संची फार हौस होती.

इंदुमती वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. अर्ध्या जिल्ह्यानं त्यांचा आवाज ऐकलाय, चेहरा फार थोड्यांनी पाहिलाय. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर बांधलं, ते माझ्या नकाशावर. आणि मी कोण, तर दहावी पास. ड्रॉइंग शिकले ते एका कंत्राटदाराच्या कचेरीत चहा करता करता, दुसऱ्यांचे नकाशे ट्रेस करून. शिक्का इंजिनिअरचा आणि रेघ माझी, असं वीस वर्षं चाललं. आता नगररचना कार्यालयानं मला घेतलंय ते जुन्या नकाशांवरची अक्षरं मला लागतात म्हणून. ते नकाशे भूकर्णाच्या नकाशावर नीट बसवायचे, एवढं माझं काम.

भूकर्ण हे सरकारी नाव. ऑफिसात आम्ही त्याला चोंबडा म्हणतो. इंटरनेटसाठी गावोगाव काचेच्या तारा पुरलेल्या आहेत, केसाएवढ्या. तारेच्या एका टोकाकडून सेकंदाला हजारभर वेळा प्रकाशाचा ठोका सोडायचा. काच कितीही निर्मळ केली तरी तिच्यात बारीक दोष राहतात, आणि प्रत्येक दोषावरून कणभर प्रकाश माघारी फिरतो. वरची माती नखाएवढीसुद्धा नाही, त्याच्याही कितीतरी कमी ताणली गेली, तरी माघारी येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते, आणि कुठल्या मीटरवर बदलली तेही कळतं. म्हणजे नवं काही पुरायला नको. जी तार गावाला सिनेमे दाखवत होती तिलाच कान आले. ट्रक गेला, कुत्रं धावलं, कुणी मुसळानं मिरची कांडली, सगळं तिला कळतं. या हादऱ्यांच्या लाटा घट्ट जमिनीतून झपाझप जातात आणि पाण्यानं फुगलेल्या जमिनीतून रेंगाळतात. लाट कुठे रेंगाळली ते बघत गेलं की जमिनीच्या पोटातलं पाणी दिसतं. तीन पावसाळ्यांत या चोंबड्यानं आमच्या तालुक्यात बुजवलेल्या अकरा विहिरी आणि दोन तळी शोधून काढली. मंजूर नकाशात काय लिहिलंय याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

त्या दिवशी सोसायटीच्या वरच्या कडेला धोक्याचा एक लाल आकडा लुकलुकत होता. टेकडीच्या पायथ्याशी सोसायटीनं चार वर्षांपूर्वी एकशे चाळीस मीटर लांब काँक्रीटची भिंत घातली होती. खालच्या वस्तीतल्या शेळ्या टेकडीवर जाताना सोसायटीतून जात आणि जाता जाता कुंडीतली शेवंती खात, म्हणून. आता त्या भिंतीमागे टेकडीचं चार दिवसांचं पाणी तुंबलं होतं आणि पायाखालची माती सुटत चालली होती. भूकर्णाचा अंदाज असा, की दोन ते तीनच्या दरम्यान भिंत आडवी होईल. एकदम, अख्खी. खाली दोन रांगांत बावीस घरं.

मी साहेबांना फोन केला. ते जिल्ह्याच्या गावी अडकले होते.

"घाटातला रस्ता खचलाय," ते म्हणाले. "पथक चारच्या आत पोचत नाही. सोसायटीला आपल्या पातळीवर निर्णय घ्यायला सांगा."

"साहेब, निर्णय म्हणजे भिंत फोडायची. कुठे फोडायची?"

"तुमच्यासमोर नकाशा आहे ना?"

होता. तीच तर अडचण होती. मी स्कूटर काढली.

आम्रकुंजात आंब्याचं एकही झाड नाही. क्लबहाउस मात्र ऐसपैस आहे. तुंबलेल्या रस्त्यांतून मी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि आत तीसेक माणसं ओल्या रेनकोटांसकट उभी होती. साहेबांचा फोन माझ्या आधी पोचला होता. अध्यक्ष पाटणकर टेबलावर नकाशा पसरून वाकले होते. पाटणकर वाईट माणूस नाही. कुणाकडे मयत झाली तर तिरडी बांधायला पहिला हजर तोच. पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथला जेसीबी त्यांनी बोलावून घेतला होता. त्याचा चालक रमजान दारात उभा होता.

"पूर्वेच्या कोपऱ्यात फोडायची," पाटणकर सांगत होते. "तिथे आपलं कुणाचंच घर नाही. पाणी बाहेरच्या बाहेर जाईल."

"बाहेर म्हणजे वस्तीत," मी म्हटलं.

"वस्ती खाली करू ना. दोन तास आहेत."

"तिथं त्रेचाळीस घरं आहेत, पाटणकर. आज सगळी घरीच आहेत, कामं बंद. तारेला पावलं ऐकू येतात, सव्वाशेच्या वर माणसं आहेत. त्यात चौघं-पाचजण असे की पाऊल एकच, दुसरी काठी."

"म्हणून तर आत्ता निघूया."

"माणसं निघतील. पण पूर्वेचा कोपरा म्हणजे सगळा भराव आहे. इथल्या घरांचे पाये खणले ती माती तिथेच ओतलीय. पाणी लागलं की भरावच चालायला लागेल. घरं गाडली जातील सगळी. आणि एवढ्यावर थांबेल याची खात्री नाही, सोसायटीचा पूर्वेचा रस्ताही घेऊन जाईल."

टॅब उघडून मी त्यांना दाखवलं. पूर्वेचा कोपरा फिक्कट, भुसभुशीत. निळी जीभ मात्र मधूनच सरळ खाली. बारा नंबरच्या बाजूनं, सतरा नंबरच्या मधोमध, क्लबहाउसची बाग, मेन गेट, आणि रस्त्यापलीकडे जो ओढा अजून शिल्लक आहे त्याला जाऊन मिळणारी. तिच्याखाली तीन-चार फुटांवर काळा पाषाण. तो हलायचा नाही.

पाटणकरांनी चष्मा पुसला. "हे यंत्र सतरा नंबरातून ओढा दाखवतंय. मंजूर नकाशात ओढा नाही. पाणंद आहे, तीसुद्धा पश्चिमेच्या कडेला. बघा, इथे." त्यांनी बोट ठेवलं. "यंत्र चुकतंय, वैजयंताबाई. सही-शिक्क्याचा कागद खरा धरायचा का हे?"

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. त्यातच एक वन्संचं. साडीवर नवऱ्याचा जुना रेनकोट घातला होता. नवऱ्याचा म्हणजे माझ्या.

आमच्याकडे जमिनीची मोजणी वैशाखात होते. पिकं निघालेली असतात, शेतं मोकळी, माणसंही मोकळी. पूर्वी साखळीनं मोजत, नंतर उपग्रहाच्या यंत्रानं मोजायला लागले. यंत्र बदललं, महिना बदलला नाही. आणि वैशाखात ओढा कोरडा पडला की त्याच्या पात्रातूनच बैलगाड्या जायच्या, ट्रॅक्टर जायचे, कारण सगळ्या गावात तेवढीच वाट सपाट. मोजणीदाराला चाकोऱ्या दिसल्या. त्यानं लिहिलं, पाणंद.

चौदा वर्षांपूर्वी तो कागद माझ्याकडे आला. सोसायटीचा आराखडा पाडायचा होता. मी जागा बघायला गेले तर सोनाआक्का नावाची म्हातारी तिथं शेळ्या चारत होती. ती म्हणाली, "बाई, ही वाट आठ म्हैनंच वाट असती. चार म्हैनं ती वड्याला द्यावी लागती." मी हसले. तिला चहा पाजला. कचेरीत आल्यावर कंत्राटदार म्हणाला, ही पाणंद मधोमध आली तर सहा प्लॉट जातात. ओढा असता तर हलवता आला नसता, कायदाच आहे. रस्ता हलवता येतो. मी हलवला. खोडरबर, पट्टी, पेन्सिल, पंधरा मिनिटांचं काम. मोकळ्या झालेल्या जागेत सहा प्लॉट बसले, आणि त्यातला सगळ्यात चांगला मी वन्संसाठी धरून ठेवला. तिथं एक उंबर होता आणि माती मे महिन्यातही गार लागत होती. उंबराखाली पाणी असतं हे गावात लहान पोरांनाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. मी गारव्याकडे बघितलं.

"कागद चुकीचा आहे," मी म्हटलं. "ओढा तिथेच होता. पाणंद मी सरकवली. माझ्या हातानं."

पाटणकरांनी नकाशावरचं बोट उचललं, जणू तो तापला होता.

वन्सं पुढे आल्या. "तुला माहीत होतं?"

"सोनाआक्कानं सांगितलं होतं."

"आणि तरी मला तिथं घर बांधून दिलंस."

"मला वाटलं, सगळ्यात चांगली जागा..."

"वन्सं म्हणायची तोंड भरून," त्या हळू म्हणाल्या. मग आणखी हळू, "दोन पायऱ्या खाली."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आता हिच्या चुकीपायी इंदुताईंचं घर घालवायचं? पूर्वेला फोडा. वस्तीवाल्यांना नुकसानभरपाई मिळते, त्यांची घरं काय, पत्र्याची." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. पाटणकर वन्संकडे बघत राहिले. वन्संनी हो म्हटलं असतं तर जेसीबी पूर्वेला गेला असता. नियमानं सतरा नंबरच्या मालकिणीच्या संमतीवाचून तिच्या घरातून पाणी सोडता येत नव्हतं, आणि पूर्वेच्या कोपऱ्याला मालकच नव्हता.

रमजान दारातून म्हणाला, "बकेट कुठं लावू ते एकदा नक्की करा, काका. माझी बायको वस्तीत राहते, तिला फोन करायचा तर आत्ता करतो."

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "वेळ किती?"

"दीड तास. फार तर पावणेदोन."

"घर पडेल?"

इतक्या वर्षांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. "भिंतीवर पाणी आदळलं तर पडेल. पण घर खांबांवर उभं आहे. बैठकीची टेकडीकडची काचेची सरकती दारं आणि पुढचं दार एका रेषेत आहेत. सगळी दारं चौकटीतून काढली, मधली पडदी फोडली, तर पाणी आत शिरून बाहेर जाईल. अडवलं नाही तर ते ढकलायचं नाही. असं मला वाटतं."

"तुला वाटतं."

"हो."

"तुला याआधीही वाटलं होतं," वन्सं म्हणाल्या आणि पाटणकरांकडे वळल्या. "गणपतीचा स्पीकर कुठाय?"

पुढचा तास मला सलग आठवत नाही. आठवतो तो त्यांचा आवाज. तीस वर्षांच्या सवयीचा, न चढणारा, न घाईचा. "लक्ष द्या. प्लॉट नंबर नऊ ते बावीसमधील रहिवाशांनी आपला गॅस बंद करून क्लबहाउसच्या पश्चिमेकडील उंच रस्त्यावर जावे. सामान नेऊ नये. म्हाताऱ्या माणसांना आधी न्यावे. पूर्वेकडील वस्तीतील नागरिकांनी शाळेच्या मैदानात थांबावे." लोक खरंच रांगेत गेले. त्या आवाजाचं ऐकलं नाही की बस सुटते, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं असावं.

सतरा नंबरमध्ये मी, पाटणकर आणि आणखी चौघं दारं काढत होतो. काचेचं दार रुळावरून निघता निघेना. पाटणकरांचं बोट चेमटलं, रक्त आलं, त्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि पुन्हा पहार धरली. पडदी फोडायला सुरुवात केली तेव्हा तिच्यावर वन्संनी उंचीच्या खुणा करून ठेवलेल्या दिसल्या, माझ्या मुलीच्या, ती शाळेत होती तेव्हाच्या, दर सुट्टीच्या. मी थांबले. वन्सं मागेच उभ्या होत्या.

"फोड," त्या म्हणाल्या. "ती काय आता वाढणार आहे?"

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी घोसाळ्याची भाजी आणि चार पोळ्या डब्यात भरल्या, आणि डबा जेसीबीच्या केबिनमध्ये रमजानच्या मांडीवर ठेवला. "रिकाम्या पोटी यंत्र चालवू नये. हात कापतो."

एक पन्नासला मी टॅब धरून उंच रस्त्यावर उभी राहिले. लाल आकडा आता लुकलुकत नव्हता, सलग पेटला होता. मी हात वर केला. भूकर्णानं दाखवलेल्या रेषेवर रमजाननं भिंतीत एक फट पाडली, जेमतेम दाराएवढी. मी त्याला चारदा सांगितलं होतं, मोठी पाडू नकोस. तो फट पाडून मागे हटला आणि पाणी बाहेर आलं.

आधी तांबडं, मग काळं. बारा नंबरचं कुंपण घेऊन गेलं, वाटेतल्या दोन गाड्या वळवून ठेवल्या. सतरा नंबरच्या मागच्या अंगणात ते जरा थबकल्यासारखं झालं. वन्संनी माझा दंड धरला होता. माझ्यासाठी नव्हे, चिखलात पाय घसरत होता म्हणून. मग पाणी घरात शिरलं. ओळखीच्या घरात पाहुणा जसा सवयीच्या पायांनी चालत येतो तसं ते सरळ बैठकीत उतरलं, दोन पायऱ्या खाली, आणि पुढच्या दारानं बाहेर पडलं. सोफा गेला. टीव्ही गेला. कपाट चौकटीत अडकलं, आडवं झालं, पाणी त्याच्यामागे फुगायला लागलं आणि सगळं घर थरथरलं. तारेनं तो थरकाप नोंदवला, टॅबवर सतरा नंबर क्षणभर पांढरा झाला.

"सुटेल," पाटणकर पुटपुटले. "सुटेल, सुटेल."

कपाट मोडलं आणि सुटलं. साड्या एकामागून एक मेन गेटकडे गेल्या. वन्सं बघत होत्या.

"ती जांभळी इरकल मला कधीच आवडली नव्हती," त्या म्हणाल्या. पण आवाज स्पीकरवरचा नव्हता.

चाळीस मिनिटं पाणी धावलं. अडीचला लाल आकडा नारिंगी झाला, सव्वातीनला पिवळा. भिंत उभी राहिली. वस्ती जागच्या जागी राहिली. पथक पाच वाजता आलं आणि त्यांनी आम्हाला बिस्किटं वाटली.

घरही उभं राहिलं, म्हणजे खांब, छप्पर आणि बाजूच्या भिंती. मधलं काही नाही. बैठकीची फरशी, तिच्याखालचा मुरूम, सगळं वाहून गेलं होतं आणि खालचा काळा पाषाण उघडा पडला होता. गुळगुळीत, मधोमध घासून खोलगट झालेला. ओढ्यानं तो घासायला काही हजार वर्षं घेतली असतील. मी पंधरा मिनिटं घेतली होती.

वन्सं माझ्याकडे राहायला आल्या. दुसरीकडे जायला जागा नव्हती. माझा नवरा बंगळूरहून धावत आला, त्याच्याशी बोलायच्या. दूधवाल्याशी, शेजारच्या मांजराशी बोलायच्या. माझ्याशी नाही. मी ऑफिसात सगळं लिहून दिलं, कुठली रेघ, कधी, कशानं खोडली. चौकशी लागली, मला घरी बसवलं. त्यामुळे दिवसभर आम्ही दोघी एका घरात, आणि मध्ये भिंत नसलेली भिंत. चहा मी करून ठेवायची, त्या प्यायच्या, कप विसळून पालथा घालायच्या. पालथ्या कपाचा आवाज फार मोठा येतो.

सप्टेंबरात पाटणकर आले. बोटाला अजून पट्टी होती. सोसायटीच्या सभेत ठरलं होतं, की भिंतीतली फट बुजवून खालून पाइप घालायचा आणि सतरा नंबरमध्ये भराव टाकून घर पुन्हा लावून द्यायचं, सगळ्यांनी मिळून. मनापासून आले होते ते.

"फट तशीच राहू दे," वन्सं म्हणाल्या. "आणि माझ्या घरात माती टाकू नका."

"अहो, पण मग घराचं करायचं काय?"

"ते मी बघेन."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी उठून तिकडे जायला लागल्या. काय करतात ते सांगायच्या नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं, तेव्हा मी थर्मासमध्ये चहा घेतला आणि मागोमाग गेले. मनाशी म्हटलं, हाकललं तर थर्मास ठेवून येऊ.

सतरा नंबरला दारं नव्हतीच. आत खडकातून बोटभर पाणी झुळझुळत होतं आणि त्याच्या कडेला चिखलात खुरांचे ठसे होते, चपलांचे, अनवाणी पायांचे. खूप. वन्सं बैठकीच्या कठड्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. स्वयंपाकघर आणि एक खोली वरच्या अंगाला शाबूत होती, तिथं त्यांनी स्टोव्ह आणि सतरंजी आणून ठेवलेली दिसली. मी चहा ओतून त्यांच्या हाताशी ठेवला आणि समोरच्या दगडावर टेकले. त्यांनी कप उचलला. तारेत हे काय उमटत असेल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. दोन बायका, एकीनं चहा दिला, दुसरीनं घेतला. माती कणभर तरी ताणली गेली असेल.

पुढच्या दाराच्या रिकाम्या चौकटीत वस्तीतली एक तरुण बाई येऊन थबकली. डोक्यावर विळा बांधलेलं फडकं, मागे तीन शेळ्या. मला बघून ती बावरली. ही वाट आपली आहे की नाही, याची तिला खात्री नसावी.

"काकू, टेकडीवर चाललेय," ती म्हणाली. "चपला काढू का?"

"कशाला?" वन्सं म्हणाल्या. "पाणी काय चपला काढून आलं होतं?"

बाई हसली आणि खडकावरून आत आली. शेळ्या तिच्यामागे उतरल्या, पहिली बिनधास्त, दुसरी पाण्याला नाक लावत. तिसरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पुढे जाईना. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे.

"वैजू," वन्सं म्हणाल्या. सहा आठवड्यांनी. "जरा सरकून बस. वाट आहे ती."

मी सरकले.